ओढांक सहा

मला काय हवे आहे ते मला माहीत नाही, हे मला प्रथम एका चोवीस वर्षांच्या मुलीने सांगितले आणि पुरावा म्हणून माझ्या डोळ्यांच्या बाहुल्यांचा व्यास दिला. तिचे नाव तेजल बागूल. 'मनाजोगे' या घरविक्रीच्या संकेतस्थळावर ती आमची 'गृहसोबती' होती. म्हणजे आम्ही केलेल्या तक्रारी गोड आवाजात आमच्याकडेच परत पाठवणे हे तिचे काम होते.

"मॅडम, तुम्ही सांगताय तळमजला," ती पडद्यावरून म्हणाली, "पण तुम्हाला ओढ आहे ती उंचीची. गेल्या आठवड्यात तुम्ही अठराव्या मजल्याच्या वरची एकतीस घरं पाहिलीत. सरासरी ओढांक एक्क्याऐंशी. इतका तर नवीन लग्न झालेल्यांचाही येत नाही."

"ती घरं मी पाहिली नाहीत. मला दाखवली गेली."

"पण तुम्ही थांबलात ना तिथे."

"तिथे खोटं लिहिलं होतं म्हणून थांबले."

"तेच तर," तेजल समजुतीने म्हणाली. "थांबलात."

आमची मागणी लहान होती. तळमजला हवा. खोल्यांमध्ये पायरी नको. दारापासून भाजीबाजारापर्यंत मध्येच न तुटणारा पदपथ हवा. घर कोणत्या गल्लीत आहे, पाणी किती वाजता येते, जाहिरात कोणत्या तारखेची आहे आणि ते घर अजून विकायचे शिल्लक आहे की नाही, एवढे चार शब्दांत सांगावे. घर शोधणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाला याहून फार वेगळे काही हवे असते असे मला वाटत नाही. आम्हाला ते लवकर हवे होते, इतकाच फरक. माझा नवरा निशिकांत याच्या दृष्टिपटलाच्या पेशी कडेकडून मरत आल्या आहेत. कागदाची सुरळी डोळ्याला लावून पाहावे, तेवढाच नजरेचा घेर त्याला उरला आहे. जानेवारीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर्ष, फार तर सव्वा. जिथे कायम राहायचंय तिथे आत्ताच जा. दिसतंय तोवर घर पाठ होऊ द्या. अंधारात नवं घर शिकणं फार कठीण जातं." आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत होतो. तेजलशी हे संभाषण झाले तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. निशिकांतच्या नजरेचे सात महिने आम्ही इतरांच्या आलिशान दिवाणखान्यांची छायाचित्रे पाहण्यात घालवले होते.

पूर्वी अशा स्थळांवर चौकोन असत. खोल्या किती, मजला कोणता, पाण्याची सोय कशी. खूण करावी आणि शोधावे. मग कंपन्यांच्या संशोधकांच्या ध्यानात आले की लोक खुणा एका घरावर करतात आणि विकत घेतात दुसरेच. यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. एक, जाहिराती खोट्या असल्यामुळे खुणांना अर्थ उरत नाही. दोन, माणसेच स्वतःशी खोटे बोलतात. पहिला निष्कर्ष मान्य करायचा तर प्रत्येक जाहिरात तपासायला माणसे नेमावी लागली असती. त्यामुळे दुसरा सिद्ध झाला. चौकोन काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी ओढांक आला.

ओढांकामागचे शास्त्र खोटे नाही, आणि यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच आहे. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या त्वचेखालच्या केशवाहिन्यांत रक्ताची बारीक लाट येते. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यासरशी आपला चेहरा किंचित रंग बदलतो. समोरच्या माणसाला हे दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसते, आणि त्यावरून तो नाडी मोजतो. दुसरी खूण डोळ्याच्या बाहुलीची. उजेड तेवढाच असताना ती रुंदावली, तर मनात काहीतरी हलले असे समजावे. तिसरी खूण, नजर कोणत्या ओळीवर किती वेळ रेंगाळली ती. यांतले काहीही आपल्या हुकमात नसते, म्हणून ते प्रामाणिक मानायचे. यंत्र तिन्हींचा मेळ घालून शून्य ते शंभर यांमधला एक आकडा देते.

परंतु एवढ्यातून कळते ते मन किती हलले इतकेच. कोणत्या दिशेने हलले, ते कळत नाही. आवड, भीती आणि संताप शरीरात एकाच जिन्याने चढतात. 'मनाजोगे'च्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. त्यांनी एक गृहीतक धरले: न आवडलेल्या घरावर कोणी थांबत नाही, बोट फिरवून पुढे जाते. शंभरातल्या सत्त्याण्णव माणसांच्या बाबतीत ते खरे ठरले. उरलेल्या तिघांचा विचार करण्याचा पगार कोणालाही मिळत नाही.

मी त्या तिघांतली आहे. मी शिलालेख आणि ताम्रपट वाचते. गेली एकतीस वर्षे बनावट दानपत्रे ओळखणे हा माझा व्यवसाय आहे. अस्सल ताम्रपट मी दहा मिनिटांत बाजूला ठेवते. बनावट असला तर आठवडा जातो. ज्या ओळीत शंका, त्या ओळीवर भिंग; हे इतके अंगवळणी पडले आहे की 'रेल्वे स्थानकापासून सात मिनिटे' असे वाचले की मी थांबते, नकाशा उघडते, अंतर मोजते, एकोणीस किलोमीटर भरले की पुन्हा ते वाक्य वाचते, आणि माझी नाडी चढते. यंत्र त्यातून शिके की बाईंना हे फार हवे आहे. दुसऱ्या दिवशी ते तशीच नऊ घरे माझ्यापुढे मांडी. मी जितकी चिडे, तितके ते अधिक अगत्याने वाढी.

नाशिकच्या कडेला त्रिरश्मी डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एका लेखात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या जमीनखरेदीची नोंद आहे. शेत कोणाकडून घेतले, त्याची आई कोण, ते त्याच्याकडे बापाकडून आले होते की कसे, मोल किती पडले आणि नगराच्या सीमेवर ते कोणत्या दिशेला आहे, हे सगळे एका वाक्यात, आणि तेही दगडात. 'मनाजोगे'वर सतरा छायाचित्रे, एक चित्रफीत आणि बासरी असते. गल्ली मात्र भेट ठरवल्याखेरीज सांगत नाहीत.

तेजल पडद्यावरून गेली तेव्हा निशिकांत पलीकडे बसून गवार मोडत होता, डोळे मिटून. हल्ली तो बहुतेक कामांचा सराव डोळे मिटूनच करतो.

"एक्क्याऐंशी," तो म्हणाला. "आपलं लग्न ठरलं तेव्हा तुझा किती आला असता गं?"

"तेव्हा कॅमेरे बरे नव्हते."

"माझं नशीब."

निशिकांतने अठ्ठावीस वर्षे एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर काढली. घर विकणारे लोक चिठ्ठ्या घेऊन येत आणि तो त्यांतले शब्द छाटून देई. शब्दागणिक आकार पडत असल्यामुळे 'प्रशस्त', 'निसर्गरम्य' वगैरे आपोआप गळत आणि खोल्यांची संख्या उरे. तो म्हणतो की सचोटीसाठी त्याला याहून चांगला उपाय अजून सापडलेला नाही.

"मृदुला," तो थोड्या वेळाने म्हणाला, "ती एकतीसही घरं तू चिडूनच पाहिलीस?"

मी खोटे बोलू शकले असते. "एक सोडून."

"कुठलं?"

"पाथर्डी फाट्याजवळचं. एकविसावा मजला. त्याच्या खिडकीतून सगळी लेणी एका रांगेत समोर दिसतात. पायथ्यावरून तशी कधीच दिसत नाहीत."

"त्या जाहिरातीत चुका नव्हत्या?"

"असतील. मी वाचल्या नाहीत."

तो गवार मोडत राहिला. "मग तेच घेऊ या की."

"तिथली लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडते. तू एकवीस मजले चढणार आहेस?"

"उतरलोच नाही तर चढायला कशाला लागतंय?"

"निशिकांत, मूर्खासारखं बोलू नकोस."

"मूर्खासारखं नाही. त्या यंत्राला तुझ्याबद्दल खोटं बोलून काय मिळणार आहे? काहीच नाही. तू मात्र माझ्यासाठी खोटं बोलशील. मला ओळखता येतं, पण पकडता येत नाही. आता निदान आकडा तरी आला."

या माणसाने अठ्ठावीस वर्षे जाहिराती वाचल्या होत्या, आणि माझ्या शब्दापेक्षा एका जाहिरात कंपनीच्या आकड्यावर त्याचा अधिक विश्वास होता. खुद्द त्याच्याविषयी यंत्राकडे काहीच नव्हते. त्याच्या नजरेचा माग लागत नसल्यामुळे त्याच्या नावापुढे एक ओळ कायमची लिहिलेली होती: 'वाचन अशक्य. संमती जोडीदाराच्या संमतीत समाविष्ट.'

दुसऱ्या दिवसापासून मी यादी उलटी वाचायला घेतली. 'मनाजोगे'वर ज्या घरांकडे कोणाची ओढ नाही ती तळाशी जातात; मी तळापासून वर निघाले. चौथ्या दिवशी, दोनशे सतराव्या पानावर, मला अंबादास शेजवळ यांची जाहिरात भेटली.

'इंदिरानगर, पाण्याच्या टाकीकडून चौथी गल्ली, डाव्या हाताचे दुसरे घर. तळमजला. तीन खोल्या, मापे सोबत. आत उंबरे नाहीत. मागल्या दारी एक पायरी, सहा इंच. पाणी सकाळी सहा ते सव्वासात, संध्याकाळी येत नाही. मोरीलगतच्या भिंतीला पावसाळ्यात ओल, जमिनीपासून सव्वादोन फूट. भाजीबाजार चारशे दहा पावले, पदपथ सलग. समोरच्या घरी कुत्रा आहे, भुंकतो. विकण्याचे कारण: पत्नी वारली, मुलीकडे जात आहे. आजच्या तारखेला घर विकलेले नाही.' खाली तारीख होती. चार छायाचित्रे होती, त्यांतल्या एकात ओल आलेल्या भिंतीला पट्टी लावून ठेवली होती.

शंका घ्यावी अशी जागाच नव्हती. मी ती जाहिरात अकरा सेकंदांत वाचली आणि फोन लावला. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने माझा ओढांक दाखवला: सहा.

शेजवळ हे निवृत्त भूकरमापक; जमिनींची सरकारी मोजणी करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. "बघायला आलेले तुम्हीच पहिले," ते दार उघडत म्हणाले. "बाकीचे फोन करून विचारतात, काका, खरंच एवढं खराब आहे का."

"खराब कुठे आहे?" मी म्हणाले.

"नाहीच की. पण खरं लिहिलं की लोकांना तसं वाटतं."

निशिकांत तोवर भिंतीला बोटे लावून आत शिरला होता. पावले मोजत तो पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, थांबला, वळून पुन्हा आला. "ओल कुठाय हो?"

"दोन पावलं पुढे, डाव्या अंगाला. हात नका लावू, चुना लागेल."

त्याने हात लावला, वाकून बोटाने रेषा शोधली आणि जमिनीपासून वीत मांडत वर आला. "सव्वादोन," तो म्हणाला. "बरोबर आहे." सात महिन्यांत प्रथमच एखादी जाहिरात आणि एखादी भिंत यांचे एकमत झाले होते. "मृदुला, हे घर मला पाठ होईल."

चहा होईपर्यंत व्यवहार ठरला.

तो नोंदवायला आम्ही गृहसंमती केंद्रात गेलो. चार वर्षांपूर्वी फसवून विकलेल्या घरांवरून बरीच ओरड झाली होती. तेव्हा जाहिराती तपासण्याऐवजी खरेदीदाराचे मन तपासावे असे ठरले. ज्या घराचा ओढांक पन्नासाच्या खाली, ते घर त्या माणसाला विकत घेता येत नाही. वाचनाच्या संधी तीन.

खिडकीवर खैरनार नावाचे एक सौम्य गृहस्थ होते. "बाई, तुम्हाला हे घर नको आहे," ते म्हणाले.

"मला हवं आहे. मी तुमच्यासमोर उभी राहून सांगते आहे."

"तोंडी सांगितलेलं चालत नाही. नियम तुमच्याच संरक्षणासाठी आहे. समजा, घरातलंच कोणी दबाव आणून तुम्हाला तळमजला घ्यायला लावत असेल तर?" बोलताना त्यांची नजर निशिकांतच्या पांढऱ्या काठीकडे गेली.

"दबाव मीच आणतोय," निशिकांत म्हणाला. "लिहून घ्या."

"तुमचं नोंदवता येत नाही, साहेब."

"अपील?" मी विचारले.

"सुनावणीला चौदा महिने लागतात सध्या. घरी वाचलीत ती एक संधी तुमची झाली, दोन उरल्यात. तिसऱ्या वेळीही पन्नास झाले नाहीत, तर या घरासाठी तुमचं नाव वर्षभर बंद."

चौदा महिन्यांनी निशिकांत त्या भिंतींचा रंग पाहू शकला नसता.

दुसऱ्या वाचनाआधी मी जिने चढउतार करून नाडी वाढवण्याचा अडाणी प्रयोग घरी, दुसऱ्याच एका जाहिरातीवर, करून पाहिला. यंत्राने 'श्रमजन्य' असा शेरा मारून तो बाद केला. मग मी शेजवळांकडे गेले. संताप हाच माझा ओढांक असेल, तर त्या जाहिरातीत संताप येण्यासारखे काहीतरी घालणे भाग होते. ते ऐकून शेजवळ खुर्चीतून उठले.

"ताई, बांधावर कुदळी घेऊन उभे असलेले भाऊभाऊ बघितलेत मी. दोघं मलाच मारायला उठायचे. तरी इंच हलवला नाही. आता स्वतःच्या घराचं खोटं लिहू?"

"तुम्ही नका लिहू. मी लिहिते. तुमच्या खात्यावरून जाऊ द्या फक्त."

"मी वाचणार नाही," ते म्हणाले आणि फोन माझ्या हाती देऊन मागल्या दारी जाऊन बसले.

आयुष्यभर बनावट दानपत्रे उघडी पाडणाऱ्या बाईने त्या दिवशी एक बनावट लेख रचला. तो चांगला होता असे माझे व्यावसायिक मत आहे. मात्र केंद्रात तो वाचायला बसले तेव्हा कोणते असत्य कुठे आहे हे मला आधीच माहीत होते. ठोकळ्यासारखी मी त्यावरून पुढे गेले. बनावट करणारा स्वतःच्या लेखाने अस्वस्थ होत नाही, ही गोष्ट मला तरी सुचायला हवी होती. ओढांक नऊ.

"तू लिहून काय उपयोग," बाहेर आल्यावर निशिकांत म्हणाला. "मी लिहितो. तुला कशाने राग येतो ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. माझा त्यात अनुभव आहे."

दोन दिवस तो मनाशी काही जुळवत होता. तिसऱ्या दिवशी शेजवळांच्या घरी त्याने त्यांना लेखनिक केले. शेजवळ कसे तयार झाले ते त्या दोघांनाच ठाऊक, मला एवढेच ऐकू आले की "काका, तुम्ही लिहीत नाही आहात, मी बोललेलं टिपताय, पंचनाम्यासारखं." मला अंगणात बसवण्यात आले. समोरचा कुत्रा जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे भुंकत होता.

तिसरे वाचन सोमवारी झाले. मी केंद्रातल्या काचेच्या खोलीत बसले, दिवा लागला आणि पडद्यावर माझ्या नवऱ्याची रचना आली.

'पाच हजार वर्षांपूर्वी पांडवांनी एका रात्रीत खोदलेल्या लेण्यांच्या कुशीत.' हे पहिले वाक्य. लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली, त्यांना दोन हजारांच्या आसपास वर्षे झाली आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. 'तेथील शिलालेखांतील संस्कृत मंत्रांची स्पंदने थेट स्वयंपाकघरात.' ते लेख बहुतांशी प्राकृतात आहेत आणि त्यांत मंत्र नाहीत, दानांच्या नोंदी आहेत. 'असे अभ्यासकांचे मत आहे.' कोणत्या अभ्यासकांचे? 'नाशिकचे स्वित्झर्लंड.' 'रेल्वे स्थानकापासून सात मिनिटे.' प्रत्येक वाक्यावर मी थांबत होते, मनातल्या मनात दुरुस्त करत होते आणि कानशिले तापत होती. मला ठाऊक होते की हे मुद्दाम लिहिले आहे. त्याने काही फरक पडत नव्हता. हा माणूस एकतीस वर्षे माझ्यासमोर बसून जेवला होता आणि एकही घास त्याने वाया घालवलेला नव्हता.

मग सोळावे वाक्य आले. 'ज्या जोडप्यात एक जण दुसऱ्याला ओझे झाला आहे, त्यांच्यासाठी अत्यंत सोयीचे घर.'

मी चूक शोधू लागले. त्यात सन नव्हता, अंतर नव्हते, नाव नव्हते, ज्याला पट्टी लावावी असे काहीच नव्हते. मी ते पुन्हा वाचले. पुन्हा वाचले. तेवढ्यात घंटा वाजली आणि पडदा विझला. आकडा नव्वदच्या पलीकडे गेला की वाचन तिथेच थांबवतात. ओढांक चौऱ्याण्णव. त्या एका वाक्यावर मी एक्केचाळीस सेकंद होते.

बाहेर बाकावर ते दोघे बसले होते.

"चौऱ्याण्णव," मी म्हणाले.

"माझ्या घराला?" शेजवळांनी विचारले. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

"सगळ्यात जास्त कुठे थांबलीस?" निशिकांत म्हणाला.

"सोळाव्या वाक्यावर."

तो काठीची मूठ चाचपत राहिला. "खोटं आहे म्हणून, की..."

"दिशा यंत्राला कळत नाही," मी म्हणाले. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होते आणि मी ते द्यायला नको होते.

आठवड्याने दस्त करायला गेलो. खैरनारांनी कागद पुढे ओढले. "नवीन परिपत्रक आलंय, बाई. ज्या मजकुरावर ओढांक मिळाला, तोच दस्ताला जोडायचा. मी एकेक वाक्य वाचतो, तुम्ही मान्य म्हणायचं. एकही अमान्य झालं तर दस्त परत, आणि तुमच्या तिन्ही संधी तर संपल्यात."

म्हणजे ते सारे आता सरकारी दप्तरात कायमचे राहणार होते. पांडव, मंत्र, सात मिनिटे, आणि खाली माझी सही. मी निशिकांतकडे पाहिले. हे त्यालाही माहीत नव्हते. त्याचा चेहरा उतरला होता.

"वाचा," मी म्हणाले.

त्यांनी वाचले. पांडवांना मी मान्य म्हणाले. संस्कृतला मान्य म्हणाले. निनावी अभ्यासकांना आणि स्वित्झर्लंडला मान्य म्हणाले. पंधरा वाक्ये संपायला चार मिनिटेही लागली नाहीत. शेजवळ बुटांकडे पाहत उभे होते.

"सोळा," खैरनार म्हणाले, आणि आधी स्वतःशी वाचून मग त्यांनी आवाज उतरवला. "ज्या जोडप्यात एक जण दुसऱ्याला ओझे झाला आहे, त्यांच्यासाठी अत्यंत सोयीचे घर. खरेदीदारास मान्य?"

मी तोंड उघडले. शब्द एकच होता, तीन अक्षरांचाही नव्हता, आणि नुकताच पंधरा वेळा उच्चारला होता.

"बाई?"

निशिकांतने माझ्या दिशेला मान वळवली. समोरच्या माणसाचा चेहरा सापडायला त्याला आता वेळ लागतो. आधी खांदा, मग हनुवटी, मग डोळे. ते सापडेपर्यंत त्याने मान हलवली, मग स्थिर ठेवली.

"हे वाक्य खोटं आहे," तो खैरनारांना म्हणाला, माझ्यावरची नजर न काढता. "मीच लिहिलंय. लिहिताना मला खरं वाटत होतं. पण पंधरा थापांना ही बाई एका दमात मान्य म्हणाली, आणि इथे अडली. म्हणजे सगळ्यात मोठी थाप हीच आहे. एवढं लिहून घ्या."

"साहेब, तुमचं वेगळं नोंदवायला रकाना नाही," खैरनार अवघडून म्हणाले. "तुमची संमती बाईंच्यात धरलेली आहे."

"राहू दे मग."

"मान्य," मी म्हणाले.

खैरनारांनी सोळाव्या वाक्यापुढे खूण केली. पुढचा मजकूर मी वाचलेलाच नव्हता. घंटेने मला तिथवर पोचू दिले नव्हते. निशिकांत माझ्या बाजूला झुकला.

"आता सतरावं ऐक," तो हळूच म्हणाला. "त्याच्यावर मी दोन दिवस घालवलेत."

खैरनारांनी चष्मा सावरला, पुढची ओळ डोळ्यांखालून घातली, आणि वाचावे की न वाचावे अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले.